कराचीचं विमान आणि आमचं वावर

विमानाला कराचीहून मुंबईला यायला किती वेळ लागायचा, हे मला कोणी शिकवू नये. मला ते पाठ आहे. सकाळी तिकडून उडालं की दुपारी माणूस मुंबईत. मध्ये अहमदाबादेला खाली उतरायचं, तेल भरून घ्यायचं, आणि तरीही दुपारी मुंबईत. आगबोटीनं यायचं तर दिवस जायचे, आगगाडीनं यायचं तर सगळं वाळवंट अंगावर घेऊन यावं लागायचं. आजची पोरं मला कौतुकानं सांगतात, आजी, आता तर चहा संपेपर्यंत माणूस नागपूरहून मुंबईला पोचतो. पोचत असेल बापा, मी कुठं नाही म्हणते? पण वाशीमच्या मोटार अड्ड्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत किती वेळ लागतो, ते मला कोणी विचारत नाही.

लढाई संपत आली होती, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमचे हे कराचीला लष्करी कोठारात कारकून होते. मॅट्रिक झालेले, शेतात मन लागत नव्हतं, आणि लढाईनं नोकऱ्या काढल्या होत्या, गेले. तिथं बिऱ्हाड करायची सोय नव्हती म्हणून मी सासरी. सासर वाशीमपासून सहा कोस, रिसोडच्या रस्त्यावरून आत. घरात सासू, सासरे, मी आणि माझा चार वर्षांचा मुलगा. हे रजेवर यायचे तेव्हा वाशीमच्या मोटार अड्ड्याबाहेर आमची दमणी उभी असायची. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी गाडी, पळणाऱ्या बैलांची. दिवस कलायच्या आत घरी आणून सोडायची.

पौषात पोराला खोकला झाला. आधी साधाच. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी शेकली, छातीला तेल चोळलं. चार दिवसांत पोराच्या नाकपुड्या उडायला लागल्या आणि बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. वाशीमहून डॉक्टरांना आणलं. त्यांनी नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली, आणि मला बाहेर बोलावण्याऐवजी सासऱ्यांना बाहेर बोलावलं. मी दाराआडून ऐकलं. दोन्ही फुप्फुसं धरली होती. गोळ्या चालू करू, पण या गोळ्यांवर माझा फार भरवसा नाही, असं ते म्हणाले. "एक नवीन सुई निघाली आहे. पेनिसिलिन म्हणतात. बाजारात नाही, लष्कराकडे असते. तुमचा मुलगा कराचीला लष्करात आहे ना? त्याला तार करा. ती मिळाली तर पोर हाती लागेल."

हाती लागेल. एवढे दोन शब्द धरून मी पुढचे दिवस काढले.

तार गेली. उत्तर यायला लागले तेवढे दिवस मी पोराला मांडीवरून खाली ठेवलं नाही. ठेवलं की त्याचा श्वास अडकायचा, मांडीवर उभं धरलं की जरा मोकळा व्हायचा. मग एका दुपारी तारवाला आला. शाळेच्या मास्तरांनी तार वाचली. औषध मिळालं होतं, आणि हे दुसऱ्या दिवशी सकाळी विमानानं निघणार होते. तारेत बाकी काही नव्हतं. तारेला शब्दांचे पैसे पडतात, माणूस कशाला जास्त लिहील? कराचीत बसलेल्या माणसाला वाटलं असेल, विमान मुंबईला जातं हे जगाला ठाऊक आहे.

जगाला असेल, आमच्या गावाला नव्हतं.

आता हे ऐकून कोणी हसू नये. मला हसणाऱ्याची चीड येते. आमच्या गावानं विमान पाहिलं होतं, तेही जवळून. आदल्या हिवाळ्यातच किन्हीराजाकडच्या एका गायरानात लष्करी विमान उतरलं होतं. काही बिघडलं होतं म्हणे. गोरा वैमानिक खाली उतरला, खाटखूट केली, लोकांनी दिलेले पेरू खाल्ले आणि दुपारी त्याच गायरानातून उडून गेला. सासरे मुद्दाम दमणी जुंपून पाहायला गेले होते. विमान किती धावून थांबलं ते त्यांनी चाकांच्या खुणांवरून पावलांनी मोजून आणलं होतं आणि वर्षभर आल्यागेल्याला सांगितलं होतं. तेव्हा विमान कुठं उतरतं, असं त्यांना विचाराल तर त्यांचं उत्तर तयार होतं. जिथं सपाट जागा असेल तिथं.

मास्तरांनी त्यात भर घातली. शाळेतला नकाशा आणून ओसरीवर पसरला. कराचीवर दोऱ्याचं टोक धरलं, मुंबईपर्यंत ताणलं, मग तोच दोरा आमच्या बाजूला फिरवला. मुंबईपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं जास्त भरलं. "म्हणजे सकायी निघाला तर दुपार कलता इथं," मास्तर म्हणाले. दोऱ्याला डोंगर लागत नाहीत, नद्या लागत नाहीत, स्टेशनं लागत नाहीत. ओसरीवरच्या माणसांनी माना डोलावल्या. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नातवावर त्यांचा जीव होता, हे मी कधी नाकारलं नाही.

त्यांनी त्याच वेळी हुकूम सोडला. गावालगतचं आमचं मोठं वावर मोकळं करायचं. ज्वारी निघून गेली होती, पण धसकटं उभी होती, ती वेचायला अर्धं गाव लागलं. वावर लांबीला कमी पडत होतं म्हणून पलीकडचा हरभरा उपटला. घाटे धरलेला, उभा हरभरा. कोणी म्हणालं, पाटील, आठ दिवसांनी सोंगणी आहे. सासरे म्हणाले, "हरभरा पुढच्या साली येईन." मग सगळ्या बैलजोड्या वखराला जुंपल्या आणि ढेकळं फोडली. दमणीचे बैलही जुंपले. ते बैल कधी वखराला लावत नसत.

मी सासूबाईंना म्हटलं, "बाई, थे दरवेळी वाशीमच्या मोटर अड्ड्यावरच उतरतेत. दमणी तिकडं राहू द्या. इकडं वावर करा, पण दमणी तिकडं राहू द्या."

आमच्याकडे सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. बोलायचं ते सासूच्या तोंडून. आणि सासूबाई माझं म्हणणं जसंच्या तसं नेतील तर शपथ. त्यांच्या मनात एक भीती होती. येणाऱ्याची वाट दोन बाजूंनी पाहिली की तो मधेच भटकतो, असं त्या मानत. पाहुणा येणार असला तरी त्या मागचं दार लावून घेत. "दोन वाटा नको पाहू माय," त्या मला म्हणाल्या, "पोरगा वाटातच राहीन." आणि सासऱ्यांना जाऊन त्यांनी काय सांगितलं, ते मला दुरून ऐकू आलं. सूनबाई घाबरून राह्यली, एवढंच.

सासऱ्यांनी ओसरीवरून मोठ्यानं उत्तर दिलं, म्हणजे मला ऐकू यावं. "पोरगा इमानानं येऊन राह्यला अन मी मोटर अड्ड्यावर दमणी पाठवू? लोकं हासतीन. मोटरीनं यायचं असतं तर तारेत तसं लिवलं असतं त्यानं."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दमणी वाशीमला गेली, पण मोटार अड्ड्यावर नाही. डॉक्टरांना घेऊन आली. विमान उतरलं की लगेच सुई देता यावी म्हणून. डॉक्टर शिकलेला माणूस. मला वाटलं, हा तरी दोन शब्द सांगेल. त्यांनी पोराला पाहिलं, तोंड लहान केलं आणि वावराकडे गेले. तिथं सासऱ्यांनी पांढरी धोतरं जोडून मातीवर फुलीसारखी पसरली होती, चार कोपऱ्यांना दगड ठेवले होते. डॉक्टर थोडा वेळ काही तरी म्हणाले, मग तेही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले आणि मान वर करून आभाळ बघायला लागले. शिकलेला माणूसही गर्दीत बसला की गर्दीसारखाच होतो. विमान पाहायची हौस त्यांनाही असणारच. देवानं त्यांना क्षमा केली असेल, मला जमलं नाही.

तो दिवस गेला. विमान आलं नाही. संध्याकाळी सगळे परतले, डॉक्टर आमच्याच घरी मुक्कामाला राहिले. मास्तर म्हणाले, उद्याची हवा पाहून निघतील. मला माहीत होतं, ते निघालेत. मला हेही माहीत होतं की मुंबईला उतरून त्यांनी नागपूरकडची गाडी धरली असेल, सकाळी अकोल्याला उतरतील, तिथून वाशीमकडची मोटार आणि दुपारी वाशीम. कसं माहीत होतं? मला नकाशा वाचता येत नव्हता. पण माझा नवरा दोनदा रजेवर आला होता, आणि दोन्ही वेळा तो त्याच वाटेनं आला होता. बाईमाणसाला एवढी अक्कल पुरते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोराचे ओठ काळेनिळे पडले. मी त्याला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि ओसरीवर गेले. तिथं सासरे, मास्तर, डॉक्टर, गावातली चार माणसं बसली होती. मी त्यांच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले.

"मामाजी, दमणी मोटर अड्ड्यावर पाठवा. दुपारच्या मोटरीनं थे येतीन. तुमच्या पायावर डोकं ठेवू का?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाहायची रीतच नव्हती. डॉक्टर हळूच म्हणाले, "पाठवायला हरकत नाही." सासऱ्यांनी काठी हातात घेतली. मग गड्याला म्हणाले, "जुंप."

मी घरात आले, पोराला परत मांडीवर घेतलं. मी पोराला म्हटलं, दमणी निघाली रे राजा. दमणीचे घुंगरू वाजले, मी स्वतः ऐकले. आणि गाडी वेशीपर्यंत गेली असेल नसेल तोच आभाळात घरघर झाली.

होय. विमान आलं. खोटं सांगत नाही. लढाईचे दिवस होते, कधीमधी एखादं जायचंच. खूप उंचावरून, उन्हात चकाकत, आमच्या गावावरून सरळ गेलं आणि दिसेनासं झालं. ते कुठून आलं, कुठं गेलं, त्यात कोण होतं, देव जाणे. पण गावात एकच कालवा उठला. सासरे काठी टाकून धावले. वेशीजवळ दमणी थांबवली आणि स्वतः बैल सोडले. "आला! जागा पाहून राह्यला थो! फिरून येईन आता!" ओली वैरण गोळा केली, तिला काडी लावली, धूर वर जावा म्हणून. सासूबाईही गेल्या. लेक आभाळातून उतरणार, कोणती आई घरात बसेल? जाताना त्यांनी मागचं दार लावून घेतलं.

घरात मी आणि माझं पोर. बाकी सगळं गाव वावरात.

त्याला बोलायला त्रास व्हायचा, पण मधूनमधून एकच विचारायचा, "माय, बाबा कुठलोक आले?" कुठपर्यंत आले, असं. दोन दिवस हेच चाललं होतं. आणि मी त्याला सांगत आले होते. आदल्या दिवशी सकाळी सांगितलं, आता समुद्रावर आहेत, खाली नुसतं पाणी दिसून राह्यलं. दुपारी सांगितलं, मुंबई आली. संध्याकाळी सांगितलं, गाडीत बसले, खिडकीजवळची जागा मिळाली. त्या सकाळी सांगितलं, अकोला आलं, बाबानं तुझ्यासाठी रेवड्या घेतल्या. मी एकही स्टेशन खोटं सांगितलं नाही. पुढं कळलं, मी सांगत होते तेव्हा ते तिथंच असायचे. रेवड्याही त्यांनी खरंच घेतल्या होत्या.

दुपारी त्यानं परत विचारलं. या वेळी नुसते ओठ हलले. मी म्हटलं, "वाशीम आलं रे. बाबा उतरले."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला पुढचं हवं होतं. वाशीम आल्यावर काय होतं, हे त्याला पाठ होतं. मागच्या खेपेला तो स्वतः आजोबांच्या मांडीवर बसून बापाला आणायला गेला होता.

"दमणीत बसले," मी म्हटलं. "आता येतेतच."

तेवढं एकच मी खोटं सांगितलं. त्यानं ते खरं मानलं. दमणीला लागतो त्याहून जास्त वेळ तो दाराकडे डोळे लावून होता, मग त्याची मान माझ्या दंडावर टेकली. श्वास एकदा आला, मग थांबला, मग पुन्हा एकदा आला. त्यानंतर आला नाही. मी वाट पाहत राहिले. मी त्याला हलवलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. मग मी ओरडले. वावरात धूर होता, माणसांचा गोंगाट होता, माझा आवाज तिथवर गेला नाही. माझ्या आयुष्यात मी इतकी एकटी कधी नव्हते.

हे आले तेव्हा उन्हं उतरली होती. पुढचं दार उघडंच होतं. गुडघ्यापर्यंत धूळ, एका हातात जोडे, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली पत्र्याची डबी. दुपारी ते वाशीमला उतरले होते. अड्ड्याबाहेर दमणी दिसली नाही, तर त्यांना वाटलं येत असेल, तार केली आहे म्हणजे येणारच. तिथंच निंबाखाली वाट पाहत उभे राहिले. बराच वेळ. मग डॉक्टरांच्या घरी गेले, तर डॉक्टर आमच्याच गावी गेलेले. भाड्याची गाडी मिळेना. सरकी नेणाऱ्या एका गाडीवाल्या चाचानं थोडा रस्ता बसवून आणलं, पण त्याचे बैल मंद. म्हणून खाली उतरून निघाले, धावत, चालत, पुन्हा धावत.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "डॉक्टर कुठी हायेत? थंड पाणी आण, हे डबी उन्हात तापली." ते गाठ सोडत होते. ती सुटत नव्हती, तर दातांनी ओढत होते. मला वाटलं, ही गाठ कधी सुटूच नये. सुटली की त्यांना सांगावं लागणार.

मला सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं.

ते रडले नाहीत. पोराजवळ बसले, त्याचा पाय हातात घेतला. पाय अजून कोमट होता. "कधी?" म्हणाले. मी म्हटलं, तुमी वाटात होते तेव्हा. "दमणी काहून नाई आली?" म्हणाले. मी खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून वावर दिसायचं. पांढरी धोतरं, धूर, आणि आभाळाकडे तोंड करून उभं असलेलं सगळं गाव. ते तिकडे वळले. त्यांना काही कळेना. मग कळलं. ते मला त्यांच्या पाठीवरून दिसलं.

डॉक्टरांनी पुढे मला सांगितलं की दमणी गेली असती तरी काही फरक पडला नसता, एवढ्या उशिरा सुईचा उपयोग झाला नसता. माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं असेल, खरंही असेल. मी ते मानलं नाही. आजही मानत नाही. दमणीनं आणलं असतं तर बापलेकांची नजरानजर झाली असती, एवढं तरी मला कोणी नाकारू शकत नाही. कराची कुठं, मुंबई कुठं. समुद्रावरून माणूस एका सकाळीत आला, आणि सहा कोस त्याला पुरले नाहीत. आणि राग तरी कोणावर धरू? ज्यानं नातवासाठी उभा हरभरा उपटला त्याच्यावर? धरला. जन्मभर धरला, आणि त्या म्हाताऱ्याची शेवटी सेवाही मीच केली.

हे उठले. सांगायला कोणीतरी जायला हवं होतं. मी पोराला उचललं आणि त्यांच्या मागून निघाले. डोक्यावर पदर नव्हता, पायात काही नव्हतं. गुरांच्या वाडग्याच्या बाजूनं आम्ही वावरात उतरलो तेव्हा सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या.

सासरे धोतरांच्या फुलीपाशी उभे होते, आभाळ बघत. पावलांचा आवाज आला म्हणून वळले. मी ह्यांच्या पाठीमागे होते, माझ्या कडेवर काय आहे ते त्यांना दिसलं नाही. त्यांना फक्त लेक दिसला. तोंडभर आनंद पसरला त्यांच्या. ढेकळांतून अडखळत पुढे आले, ह्यांचे दोन्ही दंड धरले.

"आला माहा बाबू! आमी इथं डोये लावून बसलो, अन तू कुठून आला? कुठी उतरलं तुहं इमान?"

"मुंबईले, बाबा," हे म्हणाले, आणि बाजूला झाले.